पाच वेढ्यांची पोती

॥ श्री सिद्धेश्वर ॥

लातूर
२ जुलै २०२५, बुधवार

चि. शिवकन्येस तिच्या आज्जीचा, म्हणजे जगदेवी माणिकप्पाचा, पोटभर आशीर्वाद.

निळा कागद बघून कोर्टाचा समजू नको. पोस्टातून आणलाय. खिडकीतली बाई म्हणली, आज्जी, आंतरदेशी आता कोण लिहितंय. म्हणलं, जिला फोनचा स्पीकर लावल्याबिगर ऐकू येत न्हाई ती लिहिते. स्पीकर लावला की तुझा बाप दुकानातून आन् तुझी आई गॅसपासून, काय म्हणली, काय म्हणली, करत राहतात. नातीशी बोलायचं का सभा घ्यायची? दहा कागद घेतले. नऊ उरले.

साक्षरतेच्या वर्गात मी बसले तवा तुझा बाप कॉलेजात होता. तो कॉलेजात, मी बाराखडीत. त्याला लाज वाटायची. तुझे आजोबा मात्र कंदील पुसून द्यायचे. तवा अक्षरं मोठी आलीत ती वाचून घे, भिंग लावून लिहितेय.

तू गेल्यापासून घरात किड्यांवर कोण बोलत न्हाई. झुरळ दिसलं की पहिली तुझी आठवण येते. एम्मेस्सी करायला नांदेडला पाठवलं, ते बी किड्यांचं, असं सगळ्यांना सांगते. मठातल्या बायका तोंड वाकडं करतात. करू दे. त्यांच्या नाती बी.ए. करून राहिल्यात.

आता किड्यांची गोष्ट आली म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात तुझ्या बापानं, रवीनं, मला अकरा पोती शिवायला दिली. तूरडाळ. अगं, ती डाळ म्हणायची का काय. मुठीत घेतली तर दाणा सुटा व्हईना, कोळ्याच्या जाळ्यागत धाग्यांनी एकमेकाला धरून गोळे झालेले. आत पांढऱ्या अळ्या. एक माझ्या मनगटावर चढली, एक निऱ्यांत गेली. आन् वास असा की ओलं फडकं आठ दिवस बादलीत ठेवावं. मी पदर नाकाला लावून शिवलं. रवीला म्हणलं, हे काय रे. तर म्हणला, आई, कोंबड्यांच्या खाद्याला चाललंय, त्यांना अळी लई आवडते. खरं हाय, कोंबडीचं तोंड तेच. तरी मी दोनदा अंघोळ केली.

तू मेसमध्ये काय खातेस ते लिही. आन् मला शब्द दिलाय तो ध्यानात ठेव. आपल्यात ताटातलं अन्न म्हणजे देवाचा प्रसाद. कण ठेवायचा न्हाई, शेवटी ताटात पाणी घालायचं, बोटानं धुवायचं आन् ते पाणी पिऊन टाकायचं. तुझा बाप बावन्न वर्षांचा झाला, एक दिवस चुकला न्हाई. लोकांत बसलीस म्हणून लाजू नको.

कागद संपला, कडेनं लिहितेय, कडेचं आधी वाचलंस तर काय कळणार न्हाई.

तुझी आज्जी

•

नांदेड
१० जुलै २०२५

प्रिय आज्जी,

पत्र मिळालं. वॉर्डनबाईंनी ते असं हातात दिलं जसं पुरातत्त्व खात्याचं काही आहे. मी कडेचंच आधी वाचलं.

तुला दिलेला शब्द पाळतेय. पहिल्या दिवशी मेसमध्ये ताटात पाणी घातलं, बोट फिरवलं आणि प्यायले, तर समोरच्या रांगेतून "ई" असा एक लांब आवाज आला. माझी रूममेट अपूर्वा परभणीची आहे, तिच्या घरी सगळे मास्तर. ती म्हणाली, "शिवे, हे तू धुणं पितेस." मी म्हटलं, "माझंच ताट, माझंच धुणं, तुला कुठं मागितलं?" दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्याकडे बघत प्यायले. आता तिला सवय झाली. कुणी नवीन मुलगी "ई" म्हणाली की अपूर्वाच तिला गप्प करते.

आता जे लिहितेय ते घरात मोठ्यानं वाचू नकोस. मी किडा खाल्ला.

ऐक आधी. आमच्या सरांचा प्रयोग चालू आहे. रेशमाचा कोष उकळून धागा काढला की आत किडा उरतो, बोटाच्या पेराएवढा, तपकिरी. आपल्या भागात आता इतके लोक तुती लावतात, त्या किड्यांचे ढीग फेकून देतात. त्यांच्यात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं असतात. जनावरांच्या खाद्याला चालतील का, माणसाला चालतील का, ते आम्ही बघतोय. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत धम्मानंद असतो, भोकरचा. त्यानं मीठ-तिखट लावून तव्यावर भाजले. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग मी उचलला. बाहेरून कुरकुरीत, आतून गार झालेल्या पिठल्यासारखा, आणि शेवटी जिभेवर ओल्या गोणपाटाचा वास. दुसरा नाही खाल्ला. वहीत चव लिहून ठेवली.

मेसचं म्हणशील तर तो किडा बरा. गेल्या आठवड्यापासून वरणात अळ्या येतात. वाटीच्या कडेला चिकटलेल्या, शिजून पारदर्शक झालेल्या. मुली काढून टाकतात आणि खातात, दुसरं काय आहे खायला? मी एक बाटलीत घालून भिंगाखाली बघितली. धान्यातल्या पतंगाची अळी आहे, तीच जी दाण्यांना जाळी करते.

मेस समितीची निवडणूक आहे आणि मी उभी राहिलेय. प्रचाराला आम्ही एक नाटुकलं बसवलंय. त्यात मी अळी. पांढऱ्या चादरीत गुंडाळून वरणाच्या पातेल्यातून बाहेर येते आणि म्हणते, "बहिणींनो, मला मत द्या, मी तुमच्या पोटातली उमेदवार आहे."

तुझी शिवकन्या

•

लातूर
१६ जुलै

चि. शिवकन्येस आशीर्वाद, पण आज अर्धाच.

पत्र वाचलं आन् तीनदा चूळ भरली. खाल्लंस तू आन् चूळ मी भरली. तुझ्या आईनं विचारलं, काय झालं आत्या, म्हणलं दाढेत सुपारी अडकली. सुपारी मी पंधरा वर्षं झाली सोडलेली, पण तिच्या ध्यानात न्हाई.

अगं, गळ्यात लिंग घालणारी लिंगायताची पोरगी तू. कांदाबी एकादशीला न खाणारं घर न्हाई आपलं, मान्य, पण जीव? ते गार पिठल्यागत लिहिलंस ते तर लिहायचंच नव्हतं. त्या रोजी घरात पिठलं होतं. मी ताक-भात खाल्ला.

आन् दुसरं वाईट काय केलंस सांगू? माझ्या लग्नातलं इरकल, रेशमी पदराचं, मी दर सोमवारी नेसून मठात जाते. परवा नेसायला काढलं आन् पदर हातात घेतला तर मनात आलं, ह्याच्यासाठी बी उकळलेच असतील. किती असतील, पदर केवढा हाय. तसाच घडी करून ठेवला आन् सुती नेसून गेले. मठात विचारलं तर म्हणलं, उकडतंय. पन्नास वर्षं मला कोण बोललं न्हाई आन् तू एका पत्रात सगळं अंगाला टोचायला लावलंस. तरी एक सांगते, शेजारच्या आरतीच्या आईला तुझी गोष्ट सांगितलीच, किडा गाळून. प्रयोगशाळेत तव्यावर प्रयोग करते म्हणलं. ती म्हणली, स्वयंपाकच की मंग.

आता अळीचं. तू भिंगातनं बघतेस, मी हातानं बघते. डाळीला जाळी धरली असंल तर समज माल दोन-तीन महिने ओलसर गुदामात पडलेला हाय, कुणी हलवला न्हाई. मूठभर डाळ पांढऱ्या कापडावर घे आन् चोळ. कापडावर पिठूर भुकटी राहिली आन् तिला कडसर वास आला तर ती डाळ कितीबी धुतली तरी माणसाच्या उपयोगाची न्हाई. वरनं जी अळी दिसते ती काढून टाकता येते. तिनं आत जे खाल्लं आन् तिथंच जे टाकलं ते कसं काढणार? तुमच्या मेसवाल्याला विचार, माल कुणाचा. ज्यानं ही डाळ लेकरांच्या पोटात घातली त्याच्या तोंडाला पाणी बी मिळू नये. असं मी म्हणलं म्हणून सांग.

निवडणुकीचं ऐकून लई बरं वाटलं. तुझे आजोबा एकदा बाजार समितीला उभे राहिले आन् सहा मतांनी पडले. हात जोडून फिरत होते म्हणून पडले. तू हात जोडू नको. एकेकीला नाव घेऊन हाक मार आन् तिला काय पाहिजे ते आधी ऐक. आन् अळी झालीस ते मला करून दाखवायचं दिवाळीत. मी हसले ते अजून थांबले न्हाई.

ताट धुऊन पितेस ते वाचून किड्याचं अर्धं माफ.

आज्जी

•

नांदेड
२६ जुलै

आज्जी,

निवडून आले. एकशे चाळीस मुलींपैकी एक्क्याण्णव मतं. तू सांगितलं तसं नाव घेऊन हाक मारत फिरले. निकाल लागल्यावर मुलींनी मला पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि उचलून मेसभर फिरवलं.

मी सगळ्यांसमोर एक शब्द देऊन बसलेय. ऑगस्ट संपायच्या आत, ही डाळ ज्या व्यापाऱ्यानं दिली त्याचं नाव आणि गाव मेसच्या फळ्यावर लिहीन. नुसतं मेसवाल्याला ओरडून काही होत नाही, तो म्हणतो मला जशी येते तशी शिजवतो.

तुझी कापडाची परीक्षा केली. भुकटी राहिली. वास कडसर आहे.

आज्जी, एक विचारायचं होतं. पोत्यांची तोंडं अजून तूच शिवतेस ना? शेवटच्या टाक्याला सुतळीचे वेढे देतेस ते किती? आणि तसे वेढे देणारं लातुरात आणखी कुणी आहे का? असंच विचारतेय.

आणखी एक आहे, ते लिहवत नाही. एवढंच सांगते की गेले पाच दिवस मी ताट धुऊन पाणी पीत नाही. होत नाही माझ्याच्यानं. रागावू नकोस.

शिवकन्या

•

लातूर
१ ऑगस्ट

शिवकन्येस,

एक्क्याण्णव. सकाळपासून दाराशी येईल त्याला सांगते. दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. तुझ्या बापाला सांगितलं तर तो बरं म्हणला आन् खाली गेला. त्याचं असंच हाय हल्ली, जेवतानाबी मान वर करत न्हाई.

पण पुढचं वाचलं आन् घास उतरेना. ताट धुऊन पीत न्हाईस? का? रात्रभर विचार केला. मग उजाडलं ध्यानात. तू अंडं खाल्लंस. तुझ्या ताटात नको ते आलं, म्हणून ते पाणी प्यायला तुला लाज वाटते. लिहवत न्हाई ते हेच. बरोबर का न्हाई? किडा लिहिलास आन् अंडं लिहवंना, म्हणजे बहुतेक अंड्याच्या पुढचं असंल. कोंबडी असंल. नांदेडला बिर्याणीचा वास रस्त्यावर येतो म्हणतात, तुझे आजोबा तिकडनं आले की कपडे बाहेर काढायला लावायची मी.

ऐक. मला किळस येते. लिहिताना बी येते. पण तू माझी हायस. खाल्लं असंल तर सांगून टाक, अंघोळ कर, लिंगाची पूजा कर आन् दुसऱ्या दिवसापासून ताट धुऊन प्यायला लाग. लपवलेलं अन्न पोटात कुजतं.

आता तुझ्या पोत्यांचं. हे कुणी विचारतच न्हाई मला, तू विचारलंस म्हणून सविस्तर सांगते. बाजारात समदे शेवटच्या टाक्याला दोन वेढे देतात, आवळतात, झालं. मी पाच देते. लग्न होऊन आले तवा तुझ्या आजोबांनी दाभण हातात दिलं. मला लिहायला येत न्हवतं, मंत्र लिहिता येत न्हवता, म्हणून एकेका वेढ्याला एकेक अक्षर म्हणायची. न, मः, शि, वा, य. पाच. लोकांच्या घरात आपलं अन्न जातंय तर देवाचं नाव बांधून जावं. एक पोतं मी चार वेढ्यांचं सोडलं न्हाई. दुसरं कोण देतंय? कुणाला पडलंय? तुझे आजोबा म्हणायचे, हैदराबादच्या हमालाला बी कळतं हे माणिकप्पाच्या घरचं पोतं हाय.

आता तेवढं काम राहिलं न्हाई. रवीनं मशीन आणली, चांगला माल मशीन शिवते, घर्र करून. मला तो कोंबड्यांच्या खाद्याचीच पोती आणून देतो, बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून. जूनपासून तेवढीच शिवली मी, दुसरी न्हाईत. पाच वेढे तरी देते. कोंबडी असली तरी तिला बी पोट हाय.

अंड्याचं लिही. वाट बघते.

आज्जी

•

नांदेड
९ ऑगस्ट

आज्जी,

मी अंडं खाल्लेलं नाही. तुझ्या पत्रातलं पोत्यांचं पान मी चार वेळा वाचलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. आता सगळं लिहिते. बसून वाच.

एकवीस जुलैला अपूर्वाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले जेवणातलं काहीतरी. एकट्या डाळीमुळंच, असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्याच दिवशी मी मेसच्या कोठीत गेले. धम्मानंद प्रयोगशाळेच्या पिशव्या घेऊन बाहेर उभा होता, नमुने घ्यायला. आत अंधार आणि तो वास, तू लिहिलास तोच, बादलीतल्या फडक्याचा. पोत्यांवर नाव नव्हतं, शिक्का नव्हता. नऊ पोती. मी पहिल्याच्या तोंडाला हात लावला, सुतळी कापायला, आणि माझ्या बोटांनी आपोआप वेढे मोजले.

लहानपणी तुझ्या शेजारी बसून मीच मोजायचे ना. न, मः, शि, वा, य.

नऊच्या नऊ पोती. प्रत्येकावर पाच.

मी बाहेर आले. धम्मानंदनं विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "उंदीर." तेव्हापासून मी त्याच्याशीही नीट बोललेली नाही.

निवडणुकीच्या आधीच मला माहीत झालं होतं. तरी मी फळ्याचा शब्द दिला. वाटलं, तू नाही म्हणशील, सांगशील की बाजारात सगळेच पाच वेढे देतात. म्हणून विचारलं. तू आनंदानं उत्तर दिलंस.

मेसवाल्याला विचारलं तर म्हणाला, "लातूरचा माल, मॅडम, नंबर एक." पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "त्यानंच हलका माल मागितला. चाळून, उन्हात घालून वापर म्हणून सांगितलं होतं मी. समदा बाजार असाच चालतो. तुझं होस्टेल हाय हे मला काय माहीत?" मी म्हटलं, "माझं नसतं तर?" त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून ताट धुवायला पाणी घालते आणि हात थांबतो. त्या पाण्यात मला काय काय दिसतं ते लिहीत नाही.

तीन आठवडे उरलेत. मुली रोज विचारतात, "अळीबाई, नाव मिळालं का?" नाव लिहिलं तर आपलं दुकान जाईल, आजोबांचं नाव जाईल. नाही लिहिलं तर उद्यापासून यांच्यात बसून मी कोणत्या तोंडानं जेवू? राजीनामा देऊन गप्प बसावं असं वाटतंय. तुझा हात त्यात आहे हे तुला कळू नये एवढंच मला वाटत होतं. तेही जमलं नाही.

शिवकन्या

•

लातूर
२० ऑगस्ट

शिवे,

पत्र येऊन आठ दिवस झाले. लिहायला बसायची आन् उठायची. दाभण धरणारा हात, पेन धरवंना.

किळस मला आजवर लई गोष्टींची आली. पालीची, अंड्याची, तुझ्या त्या रेशमाच्या किड्याची. पण स्वतःच्या बोटांची कधी आली न्हवती. शिवाचं नाव घेत घेत मी ते पोतं बांधलं. पाच वेढे. लेकरांच्या पोटात काय चाललंय त्याच्यावर देवाचं नाव. आठ दिवस पूजेला बसले न्हाई. लिंगाला हात लावायचा कुठल्या हातानं?

गुदामात अजून दोन पोती उरली होती, माझीच शिवलेली. काल मंगळवारी तुझा बाप औशाला गेला तवा खाली गेले आन् माझेच वेढे मी कापले. सोमवारीच करायचं ठरवलं होतं, पण श्रावणाचा शेवटचा सोमवार, धाडस झालं न्हाई.

मापभर डाळ आणली. चाळली न्हाई, निवडली न्हाई. एकदा पाण्यातनं काढली, तुमचा मेसवाला जशी काढत असंल तशी, आन् शिजायला घातली. जीव मारला मी, शिवे. सत्तर वर्षांत पहिल्यांदा, आन् ठरवून. त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे. तुझी आई म्हणली, आत्या, फोडणीला कसला वास यायलाय. म्हणलं, तू आज माहेरच्यांशी फोनवर बोल जा.

रवी जेवायला बसला. मी वाढलं. भात, वर वरण, वर तूप. तुपाच्या वासानं त्याला कळलं न्हाई. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला थांबला. बोटानं वरण बाजूला केलं. बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

म्हणला, "आई, हे काय हाय?"

म्हणलं, "नंबर एक माल. लातूरचा."

मी तांब्या घेऊन समोर बसले. म्हणलं, "संपव. मग ताट धू आन् पी. प्रसाद हाय. पाच वेढ्यांचा हाय, मी सवता बांधलाय."

"आई, नको."

"तुझी पोरगी रोज खाते. ती ताटाचं पाणी पीत होती, तू घातलेल्या डाळीचं."

त्यानं घास उचलला, बरं का. तोंडापर्यंत नेला. मला वाटलं खातो का काय, आन् खाल्ला असता तर मी त्याचा हात धरला असता, आई हाय मी. पण त्यानं घास ताटात ठेवला आन् उठला. बाहेर नळापाशी जाऊन ओकला. मी आवाज ऐकत बसले. मला नीट ऐकू येत न्हाई, पण तेवढं आलं.

बावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यानं ताटात टाकलं.

ते ताट तिथंच हाय. मी उचललं न्हाई, सुनेला उचलू दिलं न्हाई. आज दुपारपर्यंत माश्या बसल्या.

तू किडा खाल्लास तो हातात घेऊन, बघून, नाव माहीत करून. मी तुला अर्धाच आशीर्वाद दिला. चुकलं माझं. पुढच्या वेळी दोन खा, मी चूळ भरीन, बाकी काय बोलणार न्हाई.

फळ्यावर लिही. राजीनामा-बिजीनामा देऊ नको, एक्क्याण्णव जणींनी तुला गप्प बसायला मत दिलं न्हाई. दुकानाचं नाव लिही, बापाचं लिही. आन् खाली माझं लिही. पोती शिवणार, जगदेवी. शिवताना मी बघितलं होतं, अळी मनगटावर चढली होती, वास आला होता. मी पदर नाकाला लावला आन् वेढे दिले. कोंबड्यांना म्हणला आन् मी मानलं. अकरा पोती कोंबड्यांना जातात आन् कोंबडीवाला एक दिवस दारात दिसत न्हाई, एवढं मला कळायला पाहिजे होतं. माझं नाव गाळलंस तर मी पुढचा कागद लिहिणार न्हाई.

अपूर्वाला विचारलंय म्हणून सांग.

आज्जी

•

नांदेड
२५ ऑगस्ट

आज्जी,

आज सकाळी नाश्त्याच्या आधी लिहिलं. जसं लिहिलं तसं उतरवून पाठवते.

"डाळ पुरवणारे: माणिकप्पा धान्य भांडार, लातूर. मालक: रविकिरण माणिकप्पा. हे माझे वडील. पोती शिवणार: जगदेवी माणिकप्पा. ही माझी आज्जी. मला हे २१ जुलैपासून माहीत होतं. शिवकन्या, मेस प्रतिनिधी."

लिहिताना तुझ्या नावाला खडू मोडला. दुसरा घेतला.

मेसमध्ये दोघी-तिघींनी माझ्यासमोरून आपापली ताटं उचलली आणि दुसऱ्या रांगेत गेल्या. एक म्हणाली, "मत परत घेता येतं का?" धम्मानंद बातमी ऐकून गेटवर आला. म्हणाला, "उंदीर सापडला म्हणायचा." एवढंच. मग माझी वही दिली, मी न केलेल्या नोंदी त्यानं करून ठेवल्या होत्या.

अपूर्वा फळ्यासमोर खूप वेळ उभी होती. मग विचारलं, "आज्जीचं नाव का लिहिलंस? तिला कुठं माहीत होतं?" मी म्हटलं, "तिनंच लिहायला लावलं." ती माझ्या समोर येऊन बसली. तिच्याशिवाय त्या बाकावर आज कुणी बसलं नाही.

जुनी पोती मेसच्या मागं काढून ठेवलीत. नवीन डाळ यायची आहे, तोवर बटाटा. मला अजून ताटाचं पाणी प्यायला जमत नाही. खोटं कशाला सांगू?

शिवकन्या

•

लातूर
३० ऑगस्ट

चि. शिवकन्येस पूर्ण आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनच्या हातनं घेतलं ते जिन्यातच वाचलं. आमच्या गल्लीत समद्यांची नावं कुठं ना कुठं लागली. कुणाचं दुकानावर, कुणाचं मठातल्या फरशीवर. माझं रेशनकार्डावर होतं, ते बी चुकीचं. आन् आता एवढ्या शिकलेल्या पोरी जेवतात तिथल्या फळ्यावर लागलं. चोरांच्या यादीत लागलं, पण बरोबर लिहिलेलं लागलं. आरतीच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणली, अहो, ह्यात खुशी कसली? म्हणलं, तुमचं न्हाई ना लागलं. पुसायच्या आधी फोटो काढून पाठव. आईच्या फोनवर.

दोन व्यापारी येऊन गेले, तोंड पाडून बोलत होते. रवी माझ्याशी अजून बोलत न्हाई. पण ते ताट चौथ्या दिवशी त्यानं सवता उचललं. वाळून खडंग झालं होतं, भिजत घालून, नखानं खरवडून धुतलं. मी दारात उभी होते. पाणी हातात धरून माझ्याकडं बघितलं, म्हणजे पिऊ का म्हणून. मी म्हणलं, "ओत." त्यानं ओतलं. मग उरलेली दोन पोती हातगाड्यावर घातली आन् खड्डा काढून पुरली. त्याच्या मनात काय हाय मला ठाऊक न्हाई. मेसवाल्याचा फोन आलता, तो उचलला न्हाई एवढं खरं.

दुकानात एक नियम मी केलाय. पोतं मशीननं शिवू दे न्हाईतर हातानं, शिवायच्या आधी माझा हात आत जाणार, कोपरापर्यंत. काल सतरा पोत्यांत घातला. एकात जाळी लागली. ते बाजूला काढलं. मला शिसारी आली, आन् बरं वाटलं, दोन्ही एकदम. उरलेल्या सोळांना पाच पाच वेढे दिले. संध्याकाळी अंघोळ करून पूजेला बसले.

तुला जमत न्हाई तर पिऊ नको. ताटात पाणी घाल आन् आधी नीट बघ. स्वच्छ दिसंल त्या दिवशी पी.

अपूर्वाला दिवाळीत घेऊन ये. दोघींनी मिळून ती अळी करून दाखवायची. चादर मी देते, पांढरी, सुती.

आज्जी